वाट सोडून बैठक : अरुंद हॉल आणि कोपऱ्याचा सोफा

छत्रपती संभाजीनगरातील मध्यमवर्गीय घराची बैठकीची खोली, जिला आता घरोघरी सर्रास 'हॉल' म्हटले जाते, ती बहुधा लांबीला पुरेशी आणि रुंदीला कमी असते. आणि नेमक्या अशाच खोलीत एल आकाराचा, म्हणजे दोन भिंतींना लागून काटकोनात वळणारा सोफा ठेवण्याची आवड अलीकडे वाढत गेली आहे. या दोन गोष्टी परस्परांना मारक आहेत असे वरवर वाटते, पण तसे सरसकट म्हणता येत नाही. काही अरुंद खोल्यांत कोपऱ्याचा सोफा सुट्या खुर्च्यांच्या संचापेक्षा कमी जागा व्यापतो, मात्र त्यासाठी निवडीचा नेहमीचा क्रम उलटावा लागतो. सहसा आधी दुकानात सोफा पसंत केला जातो, मग तो घरात कोठे मावेल हे पाहिले जाते आणि उरलेल्या पट्टीतून घरातील माणसे पुढची कित्येक वर्षे अंग चोरून चालत राहतात. अरुंद खोलीत आधी चालण्याची वाट निश्चित करावी, ती जमिनीवर आखावी आणि वाटेबाहेर जी जागा उरेल तेवढीच सोफ्याला द्यावी, असे येथे प्रतिपादन आहे.

खोल्या अरुंद का झाल्या, याचे उत्तर शहराच्या वाढीत सापडते. मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीतून जे जुने शहर वाढत गेले, त्याच्या गल्ल्यांमध्ये वाड्याचे तोंड रस्त्याकडे लहान आणि विस्तार आत लांबवर असे. पण मधल्या चौकामुळे उजेड-वारा आत येई आणि ओसरी, माजघर, दिवाणखाना अशी वापराची वाटणी झालेली असल्याने एकाच खोलीवर सगळा भार पडत नसे. नव्या शहरात चौक गेला आणि वाटणीही गेली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने पूर्वेकडे ज्या एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या वसाहती आखल्या, त्यांतील रांगेतल्या घरांच्या, म्हणजे रो-हाउसच्या, बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक असल्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे काढता येतात, आणि खोल्या एकीमागे एक अशा आगगाडीच्या डब्यांसारख्या लागतात. याच्या जोडीला शहरभर गुंठेवारीची वस्ती वाढली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, अर्थात १,०८९ चौरस फूट, आणि गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे असे लहान तुकडे पाडून मंजूर अभिन्यासाविना केलेली विक्री. ती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. या वस्त्यांतील सर्वांत परिचित माप म्हणजे '२० बाय ३०' चा प्लॉट. वीस फुटांच्या दर्शनी रुंदीतून दोन्ही बाजूंच्या नऊ-नऊ इंची भिंती वजा केल्या, जिन्याला तीन-साडेतीन फूट दिले आणि दुचाकी उभी करण्यापुरती जागा सोडली, की हॉलच्या वाट्याला साधारण नऊ ते साडेदहा फूट रुंदी येते. सदनिकांची स्थितीही फार वेगळी नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७ फूट १० इंच, मान्य केलेली आहे आणि किमान मापालाच कमाल मानून बांधणारे विकासक कोणत्याही शहरात दुर्मीळ नाहीत.

दोन भिंतींना लागून काटकोनात बसण्याची पद्धत या प्रदेशाला नवी नाही. वाड्याच्या दिवाणखान्यात जाजमावर गाद्या घालून भिंतीशी लोड-तक्के लावले जात आणि बैठक अनेकदा दोन किंवा तीन भिंतींच्या कडेने फिरलेली असे. मधली जागा मोकळी राही, येणाऱ्याला वाट मिळे आणि बैठक उचलली की त्याच खोलीत पंगत बसे. लाकडी चौकटीचा जड सोफा आल्यावर ही लवचिकता संपली. कोपऱ्याच्या सोफ्याचे आधुनिक रूप सुट्या भागांच्या आसनातून घडले. अमेरिकी रचनाकार हार्वे प्रोबर याने १९४० च्या दशकात एकमेकांना जोडता येणाऱ्या आसनांची कल्पना रूढ केली आणि पुढे ती जगभर पसरली. इकडे मात्र तो सोफा बराच उशिरा आला, आणि त्याला जागा करून देण्याचे श्रेय काही अंशी दूरचित्रवाणी संचाकडे जाते. जोपर्यंत संच पिक्चर ट्यूबचा होता, तोपर्यंत समोरच्या भिंतीला पावणेदोन-दोन फूट खोलीचे शोकेस लागत असे. सपाट संच भिंतीवर टांगला जाऊ लागल्यावर त्याखालच्या कपाटाला फूट-सव्वा फूट पुरू लागले आणि नऊ-दहा फुटांच्या खोलीत अचानक पाऊण फूट मोकळा झाला. मोठ्या खोलीत पाऊण फुटाला कोणी विचारणार नाही, पण अरुंद खोलीत सोफा बसतो की बसत नाही याचा निर्णय तेवढ्यावर होतो.

'कॉर्नर सोफा' या एकाच नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांतील भेद अरुंद खोलीत निर्णायक असतो. पहिल्या प्रकारात दोन्ही बाजूंना पाठ असते व मध्ये चौकोनी कोपरा असतो. हा खरा कोपऱ्याचा सोफा. दुसऱ्या प्रकारात साध्या सोफ्याच्या एका टोकाचे आसन पुढे लांबवलेले असते, त्याला फक्त मागे पाठ असते आणि पाय पसरून रेलता येते. या लांबवलेल्या भागाला दुकानदार 'लाउंजर' म्हणतात. हाताच्या टेकूला या व्यवसायात 'हँडल' म्हणतात. 'बाहेरची खोली' म्हणजे पाठीच्या मागच्या कडेपासून आसनाच्या पुढच्या कडेपर्यंतचे माप, आणि 'आसनाची खोली' म्हणजे पाठीची उशी सोडून प्रत्यक्ष बसायला मिळणारे माप. जाहिरातीत बहुधा एकूण लांबी ठळक छापलेली असते, पण अरुंद खोलीच्या दृष्टीने लांबी हे सर्वांत कमी महत्त्वाचे माप आहे. बाहेरची खोली आणि आखूड बाजूची लांबी या दोन आकड्यांवर सगळे अवलंबून असते.

आता वाटेचा हिशेब. एका माणसाला हातात ताट किंवा पाण्याची कळशी घेऊन सहज चालता यावे यासाठी अडीच फूट मोकळी रुंदी हवी, आणि ज्या वाटेवरून दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जावे लागते तेथे तीन ते साडेतीन फूट. सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये सव्वा ते दीड फूट पुरते, कारण तेथून कोणी जात नाही, फक्त पाय सामावतात. ही मापे गृहीत धरून दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब खोली पाहावी. लांब भिंतीला तीन फूट खोलीचा सोफा आणि समोरच्या भिंतीला सव्वा फुटाचे टीव्हीचे कपाट धरले, तर मध्ये पावणेसहा फूट उरतात, ही चैनच म्हणावी लागेल. लाउंजर पाच फूट पुढे येणारा असला, तर त्याच्या टोकापुढे पावणेचार फूट राहतात, म्हणजे वाट शाबूत आहे. हीच मांडणी नऊ फुटांच्या खोलीत केली तर लाउंजरपुढे पावणेतीन फूट उरतात, चालते पण कडेला आहे. आणि संहितेच्या किमान रुंदीच्या खोलीत केली तर उरतात जेमतेम एकोणीस इंच, ज्यातून माणूस आडवा होऊनच जाईल. हा हिशेब करताना माप गिलावा व रंग झालेल्या भिंतीपासून घ्यावे, नकाशावरून घेऊ नये. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण आतल्या विभाजक भिंती धरतात. शिवाय नकाशावरील खोलीचे माप विटेपासून विटेपर्यंत असू शकते आणि गिलाव्याने दोन्हीकडून मिळून इंच-दीड इंच सहज खाल्ला जातो.

वाट किती रुंद, याइतकेच ती कोठून कोठे जाते हे महत्त्वाचे आहे, आणि येथेच बहुतेक चुका होतात. रो-हाउसमध्ये किंवा गुंठेवारीच्या घरात पुढचे दार एका आखूड भिंतीत आणि स्वयंपाकघराचे दार समोरच्या आखूड भिंतीत असते. दोन्ही दारे एकाच बाजूला सरळ रेषेत असतील तर खोली नशीबवान आहे. वाट एका लांब भिंतीच्या कडेने जाते, दुसरी लांब भिंत संपूर्ण मोकळी मिळते, आणि सोफ्याची आखूड बाजू दारापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, जेथे कोणालाच जायचे नसते तेथे, टाकता येते. दारे तिरपी असतील, म्हणजे पुढचे दार डावीकडे आणि आतले उजवीकडे असेल, तर वाट खोलीला कर्णाने कापते आणि लाउंजर कोणत्या तरी टोकाला तिच्या आड येतोच; तेथे लांब बाजू पुढच्या दाराच्या विरुद्ध बाजूच्या लांब भिंतीला आणि आखूड बाजू पुढच्या दाराशेजारच्या निरुपयोगी कोपऱ्यात, आणि तीही साडेचार फुटांपेक्षा अधिक नाही, अशी मांडणी करता येते. सर्वांत अवघड खोली ती, जिच्या लांब भिंतीच्या मध्येच शयनगृहाचे दार उघडते. अशी भिंत कागदावर सोळा फूट असली तरी वापरायला सात फुटांच्या दोन तुकड्यांत मिळते, आणि त्या खोलीत कोपऱ्याच्या सोफ्याचा हट्ट धरणे म्हणजे शयनगृहाला जाणाऱ्या प्रत्येकाला सोफ्याची प्रदक्षिणा घालायला लावणे होय.

कागदावर आकृती काढून हे कळते, परंतु पुरते पटत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे फरशीवर खडूने सोफ्याची पूर्ण बाह्यरेषा आखून दोन-तीन दिवस त्या रेषेच्या आत पाय न टाकता घरात वावरणे. सकाळी दूध-वर्तमानपत्र येण्याच्या वेळी, मुलांच्या शाळेच्या घाईत आणि रात्री अंथरुणे घालताना ती रेषा किती वेळा ओलांडली जाते, हे पाहिले की लाउंजरची लांबी आपोआप ठरते.

एल आकार जागा वाचवतो की खातो, याचेही साधे गणित आहे. आठ फूट लांब, तीन फूट खोल आणि अडीच फूट रुंदीचा लाउंजर आणखी दोन फूट पुढे आलेला, असा सोफा २९ चौरस फूट जमीन व्यापतो. त्याऐवजी साडेसहा फुटांचा तीन जणांचा सोफा आणि दोन सुट्या खुर्च्या घेतल्या, तर ३३ चौरस फुटांच्या आसपास जातात, आणि खुर्च्यांच्या मागेपुढे जी मोकळी जागा सोडावी लागते ती वेगळीच. येथपर्यंत कोपऱ्याचा सोफा जिंकतो. मात्र किती माणसे बसतात, हे मोजताना विक्रेत्याचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. दोन्ही बाजूंना पाठ असलेल्या सोफ्याच्या कोपऱ्यातले आसन तीन बाय तीन फुटांचे असले, तरी त्यात बसणाऱ्याचे गुडघे दोन्ही शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना भिडतात, त्यामुळे ते आसन बहुतेक घरांत उशा आणि रिमोट ठेवण्याची जागा बनते. लाउंजरवरही घरचा एक जण पाय पसरून बसतो, पाहुणे मात्र त्याच्या कडेवर टेकतात. परक्या घरी पाय लांब करून बसणे मराठी शिष्टाचारात अजून बसलेले नाही. 'सहा जणांचा' सोफा पाहुण्यांच्या दृष्टीने साडेचार जणांचा असतो, असे धरून चालावे.

अरुंद खोलीसाठी सोफ्याची बाहेरची खोली छत्तीस-अडतीस इंचांऐवजी तीस ते बत्तीस इंच घ्यावी, आणि ही कपात आसनातून न करता पाठीच्या जाडीतून करावी. आसनाची खोली वीस-एकवीस इंच ठेवली, तर सर्वसाधारण उंचीच्या माणसाची पाठ टेकते आणि पायही जमिनीला लागतात. बाजारातील आलिशान नमुन्यांची चोवीस इंचांची खोली ज्येष्ठांना आणि साडी नेसून बसणाऱ्या स्त्रियांना गैरसोयीची होते, कारण मागे रेलले की पाय लोंबतात आणि पुढे सरकले की पाठ अधांतरी राहते. आसनाची उंची सतरा-अठरा इंच असावी. चौदा-पंधरा इंचांचे बुटके सोफे खोली मोठी भासवतात हे खरे, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्यातून उठताना हँडलचा आधार लागतो, आणि लाउंजरच्या टोकाला तर हँडलच नसते. म्हणून आजी-आजोबांची जागा हँडलच्या टोकाला ठरवून मग सोफ्याची दिशा निवडावी. हँडलची जाडी हा दुर्लक्षित विषय आहे. दहा इंची फुगीर हँडले दोन्ही टोकांना असली, तर आठ फुटांतील वीस इंच, म्हणजे एका माणसाची बसायची जागा, शोभेसाठी खर्च होते. तीन-चार इंचांचे सडपातळ हँडल तेच काम करते. सोफ्याखाली पाच-सहा इंचांचे पाय असावेत, म्हणजे झाडू-पोछा आत जातो आणि सोफ्याखालची फरशी दिसत राहिल्याने खोलीची रुंदी डोळ्यांना तुटत नाही.

डावा की उजवा, या प्रश्नाने अनेक मागण्या चुकतात. काही विक्रेते सोफ्यासमोर उभे राहून दिशा सांगतात, काही त्यावर बसलेल्या माणसाच्या बाजूने, आणि दोघांचा 'उजवा' नेमका उलट असतो. बिलावर 'राइट लाउंजर' असे शब्द लिहून घेण्याऐवजी दार, खिडकी आणि सोफा दाखवणारी चार रेघांची आकृती काढून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी बाजू बदलता येणारा लाउंजर घ्यावा, कारण पुढच्या घरातील दारे कोठे असतील याचा भरवसा नाही.

सोफा खोलीत मावणे आणि तो खोलीपर्यंत पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गणितज्ञांनाही या दुसऱ्या प्रश्नाने जवळजवळ साठ वर्षे छळले आहे. लिओ मोझर या गणितज्ञाने १९६६ साली प्रश्न मांडला की, एकक रुंदीच्या आणि काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाची सपाट आकृती सरकवत नेता येईल; हा प्रश्न 'सोफा सरकवण्याची समस्या' या नावानेच ओळखला जातो. १९६८ मध्ये जॉन हॅमर्सली यांनी २.२०७ एवढ्या क्षेत्रफळाचा आकार सुचवला, १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी अठरा वक्ररेषाखंडांचा, २.२१९५ क्षेत्रफळाचा आकार दाखवला, आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियाचे गणितज्ञ बेक जिनऑन यांनी याहून मोठा आकार शक्य नाही अशी शंभराहून अधिक पानांची सिद्धता मांडली. घरातील बोळ तीन फुटांचा असेल, तर या हिशेबाने वळणावरून आडवा जाऊ शकणारा सर्वांत मोठा सोफा वीस चौरस फुटांहून किंचित कमी भरतो. वर ज्याचा हिशेब केला तो सोफा २९ चौरस फुटांचा आहे, म्हणजे अखंड आणि आडवा तो जाणारच नाही. त्याची आठ फुटी लांब बाजू एकटी घेतली तरी २४ चौरस फूट होते. प्रत्यक्षात हमाल सोफा उभा करून, तिरपा करून नेतात, जे गणिताच्या सपाट जगात चालत नाही. परंतु उभ्या केलेल्या आठ फुटांना जिन्याच्या वळणावर सात फुटांची डोक्यावरची उंची आड येते. दुमजली रांगेतल्या घरांना संहिता पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट, रुंदीचा जिनाही चालवून घेते आणि तेथे वळणाची मर्यादा चौदा चौरस फुटांच्याही खाली येते. वरच्या मजल्यावरील घरासाठी लांब बाजूचेच दोन तुकडे आणि लाउंजर वेगळा, अशा तीन भागांचा सोफा सांगणे शहाणपणाचे आहे. दोरखंड लावून गच्चीवरून सोफा ओढून घेण्याचे दृश्य गल्लीला करमणूक देते, सोफ्याला मात्र ओरखडेच.

शहरात जालना रस्त्यावरील मोठ्या दालनांतून तयार सोफे मिळतात, तसेच माप देऊन सोफा करून घेण्याची सोयही आहे, आणि अरुंद खोलीला दुसरा मार्ग अधिक मानवतो, कारण तीस इंच खोलीचा, सव्वासात फुटांचा, चार इंची हँडलचा सोफा तयार मालात सहजी सापडत नाही. करून घेताना कापड चढण्यापूर्वी सांगाडा पाहण्याची अट घालावी. सांगाडा सागवानाचा असल्यास उत्तम, पण सुकवलेले कोणतेही कठीण लाकूड चालते. ओले लाकूड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सुकताना आकसते आणि सांधे करकरू लागतात. काटकोनाच्या आतल्या बाजूला त्रिकोणी ठोकळा स्क्रूने बसवलेला असावा, नुसत्या खिळ्यांवर भागवलेले नसावे. आसनाखाली झिगझॅग स्प्रिंग किंवा ताणाचे इलॅस्टिक पट्टे असतात. पट्टे एकमेकांत विणलेले आणि जवळजवळ नसतील, तर वर्षा-दोन वर्षांत रोजच्या बैठकीच्या जागी खळगा पडतो.

फोमचा दर्जा 'घनते'त सांगतात, म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममध्ये वजन. आसनाला ३२ किंवा ४० घनतेचा आणि पाठीला त्याहून हलका फोम वापरावा. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. हलका फोमही रासायनिक रीतीने कडक करता येतो, तो दुकानात छान लागतो आणि घरी लवकर बसतो. विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून न राहता ही गोष्ट घरच्या वजनकाट्यावर तपासता येते, ती अशी : चोवीस इंच लांब, बावीस इंच रुंद आणि पाच इंच जाड गादीची खोळ काढून वजन केल्यास ४० घनतेला ते सुमारे १.७ किलो, ३२ घनतेला सुमारे १.४ किलो भरते. किलोभरच भरले तर २३ घनतेचा फोम ३२ च्या भावाने गळ्यात मारला गेला, असे खुशाल समजावे.

कापडाचा विचार या शहराच्या हवेला धरून करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते, त्यामुळे त्या भिंतीला टेकवलेला रेक्झिनचा सोफा घामाने अंगाला चिकटतो, आणि स्वस्त कृत्रिम चामड्याचा वरचा थर काही वर्षांत पापुद्रे होऊन सुटतो. विणलेले, हवा खेळणारे कापड येथे बरे. त्याची टिकाऊपणाची चाचणी यंत्रावर घासून करतात, तिला मार्टिनडेल चाचणी म्हणतात, आणि रोजच्या वापराच्या सोफ्यासाठी वीस-पंचवीस हजार घर्षणे सोसणारे कापड पुरेसे असते. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो, ही गोष्ट सोफा निवडताना, बहुधा हिवाळ्यात दिवाळीच्या खरेदीत, कोणाच्या लक्षातच येत नाही. खिडकीखाली उंच पाठीची बाजू आली तर कूलरचा झोत पाठीच्या मागे अडतो किंवा बसणाऱ्याच्या मानेवर येतो, तुषार सतत पडून कापडाला कुबट वास लागतो, आणि पाण्याची टाकी भरायला जायला वाट राहत नाही. म्हणून खिडकीकडे लाउंजरची पाठ नसलेली बाजू यावी आणि त्यातही दीड-दोन फुटांचे अंतर राहावे. सुटी खोळ धुता येते, असे विक्रेते अभिमानाने सांगतात. जायकवाडीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने नळाला येणाऱ्या शहरात सोफ्याच्या दहा खोळी वारंवार धुणे किती घरांना परवडेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फार फिकट आणि फार गडद असे दोन्ही रंग टाळून, धूळ पोटात घेणारा मधला, किंचित मिश्र विणीचा रंग घेतला की व्हॅक्यूम क्लीनर आणि ओलसर फडके यांवर बरेच निभावते.

याच शहराची ओळख असलेल्या हिमरू कापडाचा मोह होणे स्वाभाविक आहे. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी काढतात आणि नक्षीचे जादा धागे कापडाच्या मागे सैल तरंगतात. त्यामुळे स्पर्श मऊ येतो, पण घर्षणाने ते धागे ओढले जातात. मशरू कापडाचा रेशमी, साटिनसारखा पृष्ठभागही रोजच्या बसण्या-उठण्याचा नाही. ही दोन्ही कापडे आसनाला वापरू नयेत, सुट्या उशांच्या अभ्र्यांना मात्र ती शोभतात, आणि अस्तर लावून शिवली तर टिकतातही.

मराठवाड्यातील घराच्या हॉलला वर्षातून एकदा पूर्ण रिकामे व्हावे लागते. भाद्रपदात ज्येष्ठागौरी, ज्यांना येथे महालक्ष्म्या म्हणतात, तीन दिवसांसाठी बसतात; त्यांची आरास, फराळाची मांडणी, सवाष्णींच्या पंगती आणि दर्शनाला येणाऱ्यांची रीघ या सगळ्यांसाठी बहुतेक घरांत हॉल हीच एक जागा असते. पूर्वी बैठक गुंडाळली की काम भागे. आता अखंड सोफा असला तर तो एक तर उभा करून गॅलरीत कोंबला जातो किंवा आरास त्याच्यापुढे दाटीवाटीने मांडली जाते. भाग एकमेकांना लोखंडी आकड्यांनी अडकवलेले असतील आणि प्रत्येक भागाला स्वतःचे चारही पाय असतील, तर दोन माणसे दहा मिनिटांत सोफा वेगळा करून तुकडे शयनगृहात हलवू शकतात. दुकानात हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे, कारण काही सोफ्यांचा लाउंजर एका बाजूने शेजारच्या भागाच्या पायांवरच तोललेला असतो आणि वेगळा केला की कलंडतो. लाउंजरच्या पोटातील साठवणीत रजया-चादरी मावतात, ही सोय खरीच आहे. मात्र झाकण वर उघडताना मागे पडदा अडतो का, आणि भरलेला लाउंजर उचलता येतो का, हेही पाहावे. पाहुण्यांच्या मुक्कामासाठी सोफा-कम-बेड घ्यायचा असेल, तर उघडल्यावर तो सहा फुटांच्या जवळपास पुढे येतो आणि नऊ फुटांच्या खोलीत रात्री स्वयंपाकघराकडे जायची वाट बंद होते. तेथे साडेसहा फुटांची सरळ लांब बाजू, जिच्यावर पाठीच्या उशा काढून एक जण आणि खाली गादीवर दुसरा झोपू शकतो, ती अधिक कामाची.

साडेआठ फुटांखालील खोलीत लाउंजर घेऊच नये, आणि खरा दुहेरी पाठीचा सोफा घ्यायचाच झाला तर फक्त तेव्हा, जेव्हा आखूड भिंत पूर्ण बंद असेल, म्हणजे तिच्यात दार नसेल. अशा खोलीत एका लांब भिंतीला अठ्ठावीस-तीस इंच खोलीची सरळ बैठक, तिच्याच उंचीचा एक सुटा दिवाण आखूड भिंतीला काटकोनात, आणि गरजेप्रमाणे सरकवता येणाऱ्या दोन पफी, एवढी मांडणी एल आकाराचे जवळजवळ सगळे फायदे देते. दिवाण आणि बैठक यांची आसने एकाच उंचीची आणि एकाच कापडाची केली की त्या दोन वस्तू आहेत हे पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही, आणि घर बदलले, दाराची बाजू बदलली किंवा महालक्ष्म्यांचे दिवस आले की दिवाण एकटा उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतो.